वाकडे केस

"बाबा, पुन्हा सरळ आले!"

खुर्चीत बसलेली मुलगी आरशातूनच बापावर डाफरली. बापाने कात्री खाली घेतली, मान तिरकी करून पाहिलं. खरंच की! या कानापासून त्या कानापर्यंत केस असे ओळीत होते की पट्टी लावून बघावं. पहिल्या खेपेला ते खांद्यापर्यंत सरळ आले होते, नंतर मानेपर्यंत, आणि आता थेट कानांपर्यंत. आईची परवानगी मानेपर्यंतचीच होती, त्यामुळे घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही ठाऊक होतं.

सातवीच्या बाईंनी या वेळी पुस्तकाचा सारांश मागितलाच नव्हता. आपल्या आवडीचं पुस्तक वाचायचं आणि उद्या त्यातलं कुणीतरी होऊन वर्गात यायचं. हिच्या पुस्तकातल्या मुलीचे केस तिच्या वडिलांनी घाईघाईत, वेडेवाकडे कापलेले असतात. हिच्या वडिलांचं तर सलूनच होतं. सगळ्यांत सोपं काम आपलं, अशी फुशारकी ती वर्गात मारून आली होती.

"वाकडेच कापायचेत ना? कुणालाही जमेल!"

"तेच तर जमत नाहीये, बबडे." बाप काकुळतीला आला होता. "किती ठरवलं तरी हात आपला सरळच जातो. खोडच लागलीये त्याला."

"डाव्या हाताने काप," बाकावर बसलेले पोस्टमनकाका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. त्यांची दाढी करायची राहिली होती.

"तेही करून झालं, काका."

"आता उरलेत किती!" मुलीचा आवाज रडवेला झाला. "अजून एकदा सरळ आले की मी टकलीच होणार. मग मी कोण झालेय, ते वर्गात कुणाला कळणार?"

पोरीवर त्याचा फार जीव. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याला स्वतःच्याच हाताचा राग आला.

"आण ते पुस्तक. त्या माणसाने कसे कापले ते बघू तरी."

तिने पान काढून दिलं. तो उभ्या उभ्या वाचू लागला. आधी भराभर, मग सावकाश. बाप नदीकाठी बसून भाजीच्या सुरीने लेकीचे केस कापत होता. मुलगा म्हणून तिला पलीकडे पाठवायचं होतं. होडीत एकाचीच जागा होती. बाबा मागच्या होडीने येणार, असं ती मुलगी धरून चालली होती आणि बाप तिला एवढंच सांगत होता, मान हलवू नकोस.

त्याने पुस्तक कंगव्यांशेजारी पालथं ठेवलं. कात्री उचलली.

"हं. मान हलवू नकोस."

कात्री चालली, थांबली, पुन्हा चालली. या खेपेला तो आरशात बघतच नव्हता. पोस्टमनकाकांनी पेपर खाली केला. ते त्याच्या हाताकडे बघू लागले.

"बाबा, जमलं!" मुलगी ओरडली. एका कानावर झुपका लोंबत होता, दुसरीकडे कातडी दिसत होती, आणि मागे तर उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं होतं. "कसली भयंकर दिसतेय मी! अगदी पुस्तकातल्यासारखी!"

तिने खुर्चीतून उडी मारली आणि अंगावरच्या केसांसकट त्याला मिठी मारली. ती सुटल्यावर तो कापड झटकत राहिला. त्यावर काही उरलं नव्हतं, तरी बराच वेळ झटकत राहिला.

"बबडे, तो बाप... येतो ना गं मागच्या होडीने?"

"ते नाही सांगणार. शेवट आधीच सांगितला तर बाकीचे वाचतील कशाला? बाईंनी बजावलंय."

ती पुस्तक दप्तरात टाकायला निघाली.

"ते राहू दे इथं," तो म्हणाला. "काका, तुमच्या दाढीला जरा वेळ लागेल."