पंढरीचा हात

१९५२ साली कल्याणात माझी मोटार सुरू करताना अशी किंचाळायची की शेजारची तान्ही मुलं दचकून रडत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पंढरी लष्करात मोटारी दुरुस्त करायला शिकलेला. त्याने नुसता आवाज ऐकून सांगितलं, "डॉक्टर, स्टार्टरचे बोल्ट ढिले झालेत." तासभर खपून त्याने ते आवळले. मोटार मुकाट सुरू झाली.

तेवढ्यात आई गोमूत्राचा तांब्या घेऊन आली आणि दारं, सीट, स्टिअरिंग, सगळ्यावर शिंपडू लागली.

पंढरी हात पुसत म्हणाला, "आई, माझा हात तर इंजिनात गेलेला. ते राहिलं की."

आईला टोमणा कळलाच नाही. ती म्हणाली, "खरंच रे. प्रभाकर, झाकण उघड."

पंढरीकडे न बघता मी ते उघडलं.