चा

गुलाबरावांनी डावा हात वर केला, मनगटावरचं घड्याळ सुनेसमोर धरलं आणि म्हणाले, "चा."

"आत्ताच झाला की, मामा," चैताली म्हणाली. तरी आत जाऊन तिनं कप भरून आणला.

लकवा मारल्यापासून गुलाबरावांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. जीभही जड झाली होती. शब्द सुरू व्हायचा आणि पहिल्याच अक्षराशी अडकायचा. कपाकडं बघून त्यांनी मान हलवली.

"नको तर मागता कशाला?" सरुबाईनं नवऱ्याच्या तोंडाला कप लावला. ते प्यायले. थोडा चहा हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. तिनं तो पदरानं पुसला.

घड्याळ बंद होतं. पण सकाळी ते हातात चढवल्याशिवाय गुलाबराव सदरा घालू द्यायचे नाहीत. सासऱ्यानं लग्नात दिलेलं, पांढऱ्या तबकडीचं. कळंब डेपोत ड्रायव्हरकी केली, त्या सगळ्या वर्षांत ड्युटीला ते रोज हातात असायचं. अमरदीपनं बापासाठी नाडीचे ठोके मोजणारं नवं घड्याळ आणलं होतं. त्याचा पट्टा गुलाबरावांनी दातांनी ओढून काढला.

"चा," ते पुन्हा म्हणाले. मनगट सरुबाईच्या गुडघ्यावर आपटलं.

"पाजला की आत्ता. किती प्याल?"

तेवढ्यात बलभीम आला. त्यांच्याच गाडीवरचा कंडक्टर. "जय भीम, गुलाबा," म्हणत तो खाटेवर टेकला, हात हातात घेतला. डेपोतल्या गोष्टी सांगता सांगता त्याचं लक्ष तबकडीकडं गेलं. "बंद पडलंय की हे." बोलता बोलताच त्यानं कडेचं बारीक बटण दोन बोटांत धरून फिरवलं. काटा हलला.

गुलाबरावांनी मनगट कानाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले.

बलभीम म्हणाला, "घड्याळाला चावी मागत होतास व्हय." तो सरुबाईकडं वळला. "गाडी काढायच्या आधी स्टेरिंगवर बसून द्यायचा. म्या बेल मारायचो, तरी ह्याचं आपलं चालूच."

सरुबाई रिकाम्या कपाकडं बघत राहिली. "आन् आमी च्या पाजत बसलो."

गुलाबरावांनी हात खाली घेतला. दाराकडं बघितलं. ओठ हलले, बराच वेळ नुसतेच हलले.

"बा."

"बाहेर जायचंय का, मामा?" चैतालीनं विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

"माझं नाव घेतोय," बलभीम पुढं सरकला. "हाय की म्या इथंच." तेही नाही.

"बा," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "बा."

सरुबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांच्या तोंडाकडं बघत तिनं आपले ओठ तसेच मिटले, तसेच उघडले आणि पुढच्या अक्षराची वाट बघत उघडेच ठेवले.