मास्तरची पाळी

सुकाणूपाशी मास्तर नव्हता. होडी आपली सरळ चालली होती, यंत्राला लावून दिलेल्या दिशेनं. दातांच्या डॉक्टरनं चहाचा कप खाली ठेवला, शिडाच्या पलीकडे डोकावून पाहिलं, मग पार टोकापर्यंत जाऊन आला. कुणी नव्हतं.

चौतीस फुटांची होडी. तिच्यात माणूस लपून लपणार कुठे? वकिलानं खालच्या दोन्ही खोल्या पाहिल्या, संडास पाहिला, शिडांचं कपाटसुद्धा उघडलं. शाळेत शिकवणारा मास्तर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वकील एकटाच वर आला.

प्रवासाचा चौथा दिवस होता. समुद्र इतका शांत, की कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधायचीही लाज वाटावी. मास्तरचा पट्टा खुंटीलाच होता. सकाळी आठ ते बाराची पाळी त्याच्यावर सोपवून दोघं निवांत झोपले होते.

होडी किती वाजता कुठे होती, तो मागचा सगळा मार्ग यंत्रात नोंदलेला होता. मास्तर पाण्यात कधी पडला, तेवढंच कळायला हवं होतं. डॉक्टरनं नोंदवही ओढली.

पाळीवरच्या माणसानं दर तासाला वहीत लिहायचं, हा होडीवरचा नियम. डॉक्टर आणि वकील सुरुवातीलाच चारही तासांचं उरकून टाकत. मास्तर तिघांत नवखा. तो घड्याळ बघून तासाला तासाला लिहायचा. समुद्राची हजेरी मांडतोयस होय रे, समुद्र काय दांडी मारणार आहे, म्हणून दोघांनी तीन दिवस त्याला भंडावून सोडलं होतं. मास्तर ओशाळून हसायचा.

पानाच्या तळाशी त्याचं वळणदार अक्षर होतं. अकरा वाजता. वारा मंद. सगळं ठीक.

आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वकील मटकन खाली बसला आणि चक्क हसला. दहाच तर मिनिटं. पाणी कोमट, मास्तर पट्टीचा पोहणारा.

"अकराला तो इथे होता," तो म्हणाला. "मास्तर मेला तरी खोटं लिहायचा नाही."

त्यांनी शिडं उतरवली, इंजिन लावलं आणि होडी उलटी वळवली. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला कळवलं. माणूस किती वाजता पडला, असं तिकडून विचारलं, तेव्हा डॉक्टरनं ठासून अकरा सांगितलं. मग अकराच्या जागेभोवती घिरट्या घातल्या. दोघांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पाण्यावर टोपीसुद्धा दिसली नाही.

शोधाची वेळ लिहून ठेवावी म्हणून डॉक्टरनं पुन्हा वही घेतली. पान उलटलं आणि तसाच उभा राहिला. वकिलानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

नव्या पानाच्या पहिल्याच ओळीत तेच वळणदार अक्षर होतं. बारा वाजता. वारा मंद. सगळं ठीक.

घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती.