एकदा दिलेली चाल

"एकदा दिलेली चाल मी दुसऱ्या कुणाला देत नाही. सोयरीक असते ती!" परीक्षकाच्या खुर्चीतून उठून जयराजसरांनी माईकवर ठणकावलं. सांगलीचा हॉल टाळ्यांनी दणाणला. दोन जिल्ह्यांतल्या शाळांना शाळागीतं बांधून देणारा माणूस. शाळागीतांच्या स्पर्धेला त्याला बोलवायचं नाही तर कुणाला? हारतुऱ्यांच्या गडबडीत भाग घेणाऱ्या शाळांची यादी तेवढी सरांची वाचायची राहिली.

पहिली आली पाटणची शाळा. सरांनीच दिलेलं गीत पोरांनी झकास म्हटलं. 'कोयनामाईच्या काठी, पाऊस धो धो आमच्या पाठी.' सर मान डोलावत होते.

मग निवेदक म्हणाला, "म्हसवड."

मान डोलायची थांबली.

चाळीस पोरं उभी राहिली. पेटी वाजली. तीच चाल. कोयनामाईच्या जागी सरांनी माणगंगा बसवली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता. त्यामुळं दुष्काळी माणातली पोरं जीव तोडून सांगत होती, पाऊस धो धो आमच्या पाठी.

"म्हसवडात धो धो?" मागून कुणीतरी ओरडलं. "टँकर फुटला काय रं?"

हॉल खदखदला. पाटणची पोरं "चोरलं, चोरलं!" करत बाकावर उभी राहिली. म्हसवडची पुढच्या रांगेतली एक मुलगी गाता गाता रडायला लागली. पण गायची काही थांबली नाही. त्यांच्या नूरीनबाई पडद्याआडून सरांकडं नुसत्या बघत होत्या.

"बाद करा," शेजारच्या परीक्षक विजयमालाबाई कुजबुजल्या. "सरळ सरळ उचललंय. आत्ताच कान धरला नाही तर पुढं काय दिवे लावतील ही?" त्यांनी म्हसवडपुढं टपोरा भोपळा काढला आणि कागद सरकवला. "करा सही."

सरांनी पेन उघडलं. निम्मी सही झाली. मुलगी दुसऱ्या कडव्यावर आली होती. नाक ओढायची आणि पाऊस म्हणायची, नाक ओढायची आणि पाऊस म्हणायची. पेन पुढं सरकेना.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. सर उठले, माईकपाशी गेले.

"ह्या पोरांनी चोरी केलेली नाही," ते म्हणाले. "पाटणला दिलेलं गीत मीच नदी बदलून म्हसवडला दिलं. आळस केला. पोरांचा काही दोष नाही."

मग पाटणच्या शाळा कमिटीचे नानासो फेटा सावरत उठले. "आवं सर, सोयरीक म्हनला हुता न्हवं? मग ही आमच्या पोरीला सवत कवा आनली?"

सगळे पोट धरून हसले. विजयमालाबाईंनी भोपळा खोडला. ती मुलगीसुद्धा बाहीला नाक पुसून हसली. सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"दोनच शाळा," ते हात जोडून म्हणाले. "देवाशपथ, ह्या दोनच."

आता टाळ्या पडल्या. त्यातच निवेदकानं पुढचं नाव पुकारलं, "खंडाळा."

स्टेजच्या पायऱ्यांवर खंडाळ्याची पोरं रांगेत उभी होती. त्यांच्या गुरुजींनी हातातला गाण्याचा कागद घडी करून खिशात घातला, पोरांना जागच्या जागी मागं वळवलं, आणि सगळी रांग गुपचूप बाहेर जाऊन गाडीत बसली.