पहिल्या दोरीचा मान

खंडेनवमीला देवास गेटच्या आपल्या लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, धाकट्या दिरानं कोरी परदेशी चेनची करवत पाटावर पुजली आणि दुर्गाबाईंच्या पोटात दुखू लागलं. शेजारीच दुर्गाबाईंचा टाल होता, तिथली जुनी करवत तारेनं बांधलेली होती. रोज खोलावी, घासावी, तेव्हा कुठं खोकत सुरू व्हायची. दिरानं नव्या करवतीच्या टाकीत तेल न मिसळता नुसतंच पेट्रोल ओतलं. “नई मोटरसायकलमध्ये कुठं तेल मिसळतात आता?” जाऊ ठसक्यात म्हणाली. पण तेलाशिवाय करवतीचं इंजिन जळतं, हे दुर्गाबाई जुनीवरच शिकल्या होत्या. ‘जळू दे मेलं,’ त्या मनाशी म्हणाल्या. तेवढ्यात दिरानं करवत सुरू करायची दोरी त्यांच्यापुढं धरली. “वहिनी, घरात मोठ्या तुम्ही. पहिला मान तुमचा, ओढा.” दुर्गाबाईंनी हात झटकन मागं घेतला. “आधी तेल मिसळा, भाऊजी! माझ्या हातानं जळलं, तर ही बया जन्मभर म्हणत फिरेल, जाऊबाईंची दृष्ट लागली.”