फोडणीचा ट्रे

धैर्यशीलने गॅरेजमधून मांजराचा पिंजरा आणून स्वयंपाकघरात ठेवला, तेव्हाच मंदाताईंनी ओळखलं, आज पोराने मनाशी पक्कं केलंय.

"काल पुन्हा कार्पेटवर केलं तिनं," तो म्हणाला. "सोमवारी घरमालकाचा माणूस इन्स्पेक्शनला येतोय, आई. भाड्याचं घर आहे. वास आला तर आपल्यालाच बाहेर काढतील. जिथून आणली त्या प्राण्यांच्या संस्थेत आजच परत देऊन येतो."

त्याची बायको जुई दाराशी उभी होती. मांजर तिनंच हौसेनं आणलेलं. तिचे डोळे भरले होते.

"परत द्यायला ती काय चपलांचा जोड आहे?" मंदाताई म्हणाल्या. "पिंजरा ठेव बाजूला. मी अजून हरलेले नाही. तुला वळण लावलंय मी, हे तर मांजर आहे. तू काय सोपा होतास?"

खरं तर पुण्याहून आल्या तेव्हा मांजर म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. पण ही दोघं सकाळच्या ट्रेनने ऑफिसला गेली की परदेशातल्या पापाटोएटो गावच्या त्या घरात बोलायला होतं कोण? फोडणीच. काळ्या अंगावर हळद-तिखट उडाल्यासारखे ठिपके, म्हणून फोडणी. वयाने लहान, अंगात मस्ती मावत नाही, पण दुपारी मंदाताई आडव्या झाल्या की निमूट त्यांच्या पोटाशी येऊन झोपायची. ती गेली तर इथे आपला जीव रमायचा नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर तिच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. आणि मंदाताईंनी अंगावर घेतलेलं काम म्हणजे काय विचारता!

कपडे धुवायच्या खोलीतला तो ट्रे नुसता लखलखत होता. शेजारीण कुंपणावरून पिशव्या भरभरून लिंबं द्यायची. रस सरबताला; सालं टाकून द्यायची म्हणजे पाप. मीठ लावून त्याच सालांनी मंदाताई ट्रे घासायच्या, देवाची तांब्याची भांडी घासावीत तसा, आणि वास मरावा म्हणून उरलेली सालं वाळूखाली अंथरायच्या. आत्ताही घासूनपुसून, ताजी सालं घालून त्यांनी ट्रे तयार केला आणि फोडणीला उचलून त्याच्यासमोर ठेवलं.

"जा गं बाई. माझी लाज राख."

फोडणीने मान पुढे केली. नाक आक्रसलं, पंजा झटकला आणि मागे सरकली. मंदाताईंनी तिला पुढे लोटायला हात नेला, तर तिनं तो हात हुंगला आणि त्याच्यापासूनही लांब पळाली. पोटाशी झोपणारं मांजर त्यांच्या हाताला नको म्हणालं! मंदाताईंनी हात स्वतःच्या नाकाशी नेला. लिंबू. नुसतं लिंबू.

"अगं बाई गं!" त्या मटकन खाली बसल्या. "अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय आपण. तिचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. हिला लिंबाचा वास सोसत नाही."

"लिंबाचा?" धैर्यशीलने खिशातून फोन काढून बघितलं. "हो की. मांजरांना आवडतच नाही म्हणे."

"फोनला काय विचारतोस? ती समोर उभी राहून सांगतेय ना!"

"मला वाटत होतं तसं," जुई हळूच म्हणाली.

मंदाताई वळल्या. "कधीपासून?"

"तुम्ही इतक्या मनापासून घासत होतात, आई. कसं सांगायचं?"

"म्हणजे मांजर गेलं तरी चालेल, पण सासूला बोलायचं नाही? कमाल आहे बाई! त्या मुक्या जनावरानं घरभर फिरून सांगितलं, आणि तू बोलता येत असून गप्प. मी काय वाघ आहे का?"

धैर्यशीलला एकाएकी छत फार बघण्यासारखं वाटू लागलं.

"बसा असेच," म्हणत मंदाताई उठल्या. सालं कचऱ्यात गेली. जुईने ट्रे साध्या गरम पाण्याने धुतला, धैर्यशीलने नवी वाळू ओतली. मंदाताईंनी साबणाने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले.

फोडणी हळूहळू ट्रेच्या काठाशी आली. तिघंही वाकून बघायला लागले. ती थांबली आणि तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"पाठ फिरवा रे!" मंदाताई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुणी असं टक लावून बघत राहिलं तर जमेल का तुम्हाला?"

तिघं वॉशिंग मशीनशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे सगळं शांत होतं.

"आई," जुई भिंतीकडे बघतच म्हणाली.

"काय गं?"

"वरणात गूळ जरा जास्त होतो."

धैर्यशीलने डोळे घट्ट मिटून घेतले. मंदाताईंनीही भिंतीलाच विचारलं, "बरं. अजून?"

आणि मागे वाळू उकरल्याचा आवाज सुरू झाला.