पन्नासच्या पुढे

पन्नासपर्यंत ट्रक गरीब गाईसारखा चालला. काटा पंचावन्नकडे सरकला आणि त्याच्या अंगात आलं. आरसा थरथरला, दार खडखडलं, बसल्या जागी शालिकरामच्या मांड्यांना मुंग्या आल्या.

"पाह्यलं का?" शालिकराम म्हणाला. "महिना झाला, असंच करून राहिली गाडी."

"बोलू नको गा. ऐकू दे."

बाजूच्या सीटवर ओमप्रकाश मिस्त्री डोळे मिटून बसला होता. नवख्याला वाटावं, झोपला. पण वाडीच्या गॅरेजात उभी हयात काढलेला हा माणूस गाडी आधी ऐकायचा, मग पाहायचा. शालिकराम गप्प झाला. गप्प बसायची त्याला सवय होतीच.

कोंढाळीची संत्री नागपूरच्या फळबाजारात आणायची, हे त्याचं काम. या थरथरीनं पेट्यांतली खालची फळं मार खात होती. मनोहरराव अडत्यानं काल तोंडावर सांगितलं होतं, आठ दिवसांत गाडी सुधार, नाहीतर मी दुसरा पाहतो. ट्रक तिसऱ्या हातचा, जुना. काम सुटलं की थेट भंगारात. मग शालिकरामकडे उरणार घर, आणि घरात कोणी नव्हतं. त्या घराचं त्याला भ्या वाटायचं.

"स्टिअरिंगवरचे हात थरथरून राहिले का बूड?" मिस्त्रीनं विचारलं.

"बूड."

"मंग पुढच्या चाकांचा दोष नाही. क्लच दाब बरं."

शालिकरामनं क्लच दाबला. इंजिनाचा आवाज खाली गेला. थरथर होती तशीच राहिली.

"इंजिनाचाही नाही. आणि मागचं चाक असतं तर ठोके देल्ले असते. ह्या तर झिणझिण्या आहेत. चाकाहून जोरात फिरणारं काहीतरी आहे. चाल, वापस घे."

गॅरेजात ट्रक खड्ड्यावर उभा केला आणि मिस्त्री टॉर्च घेऊन खाली उतरला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट त्याच्या डोक्यावर होता. जुन्या ट्रकचा शाफ्ट म्हणजे चिखल आणि ग्रीसचा लगदा. हा मात्र लख्ख घासून काळ्या रंगानं रंगवलेला. मिस्त्रीनं त्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. रंगाखाली आगपेटीएवढा खरबरीत वण होता.

"येथं एक पट्टी होती ना? वेल्डिंग केलेली?"

"होती," शालिकराम वरून म्हणाला. "कोण्यातरी जुन्या मालकानं ठिगळ मारलं होतं. बरं दिसे नाही. छिन्नीनं उडवली अन् जागा साफ केली."

"अरे बाप्पा! ठिगळ नाही गा ते. शाफ्टचा तोल सांभाळणारं वजन आहे. बनवणाराच मोजून लावते."

शालिकरामची कानशिलं तापली. तीस वर्षं स्टिअरिंग धरलं आणि अक्कल ही एवढी! महिनाभर तो टायर बदलत होता, नट आवळत होता, दिसेल त्याला दोष देत होता.

"कधी काढली?"

"दसऱ्याले. पूजेसाठी गाडी धुतली, तवा."

"दसरा तर दरसाल येते. लोक बोनट धुतात, चाकं धुतात, झेंडूचा हार घालतात, झालं. शाफ्ट कोणी घासते का? इतका खाली काहून शिरला तू?"

शालिकराम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"दरसाल मी अर्ध्यात असलो की गोपिका आवाज देये. जेवाले चला म्हणे. मंग खालचं राहूनच जाये. यंदा कोणी आवाजच नाही देल्ला. घासत राहिलो. तीन दिवस घासलो."

त्याची बायको गोपिका उन्हाळ्यात वारली, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीनं वर पाहिलं नाही. पाना मागितला.

त्यानं वणाच्या जागी लोखंडाचा एक तुकडा क्लिपनं आवळला आणि दोघं पुन्हा रस्त्यावर निघाले. थरथर राहिली. तुकडा बदलला, पुन्हा निघाले. थोडी राहिलीच. या दोन्ही खेपांना शालिकरामला खरं तर बरं वाटलं. मिस्त्री बाजूला बसून काहीबाही सांगत होता, लेकीच्या सोयरिकीचं, गुडघ्याच्या दुखण्याचं. सहा महिन्यांत त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं.

तिसरा तुकडा वेल्ड करून लावला. पंचावन्न झाले, साठ झाले. आरशात मागचा रस्ता स्वच्छ, जागच्या जागी दिसू लागला. संत्री वाचली, काम वाचलं, गाडी वाचली.

"घे," मिस्त्री म्हणाला. "आता माह्यं काम नाही तुह्याकडे."

शालिकरामनं मान हलवली. गाडी वळवून त्यानं वाडीची वाट धरली. येताना त्यानं काटा काही पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. गॅरेजच्या दारात मिस्त्री खाली उतरला, पण दाराची कडी धरून तसाच उभा राहिला.

"पुढच्या दसऱ्याले येथंच ये गा," तो म्हणाला. "माह्या गॅरेजात घासाले लय लोखंड आहे. दुपारी संगंच जेवू."

शालिकराम समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होता.

"दसऱ्याले अजून अकरा महिने आहेत," तो म्हणाला.